उलटी बोली

बंदरावर माझी बोली वर चढते.
सुरमईची टोपली पुढ्यात, पायाखाली बर्फाचं पाणी,
नऊशे, साडेनऊशे, हजार –
कोणाची पापणी हलली तरी मला कळतं
कोण अजून पन्नास देईल, कोणाचा खिसा संपला.
सत्तावीस वर्षं हाच घसा.

मराठी शाळेच्या वर्गात साहेब म्हणाला,
शेवंताबाई, हा लिलाव उलटा.
पाच वर्षं झाड तोडायचं नाही, वणवा लावायचा नाही,
त्याचे एकरी वर्षाला किती घेणार ते लिहायचं,
पाकीट चिकटवायचं, पेटीत टाकायचं.
जो कमी मागेल त्याचं आधी.
पैसे संपले की बाकीचे घरी.
मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं,
म्हणजे काही न करण्याची मजुरी!
साहेबही हसला. मग म्हणाला, हो, तसंच.

आमचं वरकस तीन एकर अकरा गुंठे.
सातबाऱ्यावर सहा नावं, त्यातली दोन वारलेली,
एक नालासोपाऱ्यात, फोन उचलत नाही.
ऐन, किंजळ, कुंभा,
आणि इब्राहीम होडेकराच्या गडग्याला टेकून बेहडा.
मुळं आमच्यात, ढोलीचं तोंड त्याच्याकडे.
ढोलीत धनेशाची मादी. आम्ही गरुडच म्हणतो.
माघ सरताना आत शिरते,
आतून दार लिंपून घेते,
चोचीपुरती फट ठेवते.
नर दिवसभर उंबरं आणतो,
घशातून एकेक काढून आत देतो,
सुटे पैसे मोजून द्यावेत तसा.
ह्याचा भाव कुठल्या रकान्यात
ते साहेबाने सांगितलं नाही.

लाकूडवाला बारगोडे सगळ्याचे अठ्ठेचाळीस हजार देतो, रोख.
पाच वर्षांनी भागलं, एकरांनी भागलं,
वर सरपणाचे धरले, वर थोडी आशा.
चौतीसशे.
पाकिटाचा डिंक जिभेला गोड लागला.

इब्राहीम गडग्यापाशी भेटला.
बंदरावर व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात,
तशी धरली असती तर दोघांचंही जमलं असतं.
मी पदर सावरला. त्याने पानाला चुना लावला.
काजूच्या मोहोराबद्दल बोललो आम्ही,
बराच वेळ.

फळ्यावर आकडे चढले. गुरवांचे अठराशे,
इब्राहीमचे पंचवीसशे,
बत्तीसशेला पैसे संपले. साहेबाने खडूने रेघ ओढली.
रेघेखाली पहिलं नाव माझं.

दोनशे रुपये.
बंदरावर दोनशे म्हणजे एक हाक.
इथे हाकच नव्हती.
कोणी नुसतं म्हटलं असतं, शेवंताबाई, अजून खाली?
तर मी उतरले असते.

बारगोडे चुन्याचा डबा घेऊन आला.
ऐनाला पट्टा, किंजळीला पट्टा.
बेहड्यापाशी थांबला.
ह्याचे वेगळे सांगा, म्हणाला.
सत्तावीस वर्षांचे आकडे माझ्या तोंडात,
एकही पुढे येईना.
मी म्हटलं, आत बाळंतीण आहे. तिचं दार पडू दे,
मग सगळंच ने एकदम.
एका झाडासाठी ट्रक दोनदा कशाला आणतोस?
त्याला पटलं. डिझेलचा हिशेब पटतोच.
कधी पडतं दार?
वैशाख सरता सरता, मी म्हटलं.

त्यानंतर वहाळाकडचा उतार तांबडा चिखल होतो,
दसऱ्यापर्यंत रिकामी बैलगाडीसुद्धा चढत नाही.
हे त्याने विचारलं नाही.
साहेबाची पेटी दसऱ्यानंतर पुन्हा येणार म्हणे.
दोनशे रुपये मी आत्ताच उतरवून ठेवलेत.